जाणीव आणि स्मरण : पाहिले-ऐकलेले मनात किती टिकते?

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी या गावाला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, 'चले जाव' आंदोलनात येथील जनतेने पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला आणि आंदोलकांना हौतात्म्य आले. ही घटना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली त्यांची पिढी मागे पडली, तरी आष्टी ती विसरलेली नाही. परंतु अशा गावातही, किंबहुना कोणत्याही गावात, ग्रामसभेत वाचून दाखविलेल्या परिपत्रकातील चौथा मुद्दा सहावा मुद्दा ऐकेपर्यंत श्रोत्यांच्या मनातून निघून गेलेला असतो. ऐकणाऱ्याने कान बंद केलेले नसतात. प्रत्येक शब्द त्याच्या कानी पडतो, कळतोही. तरी तो राहत नाही.

पाऊणशेहून अधिक वर्षे टिकणारी आठवण आणि अर्ध्या मिनिटात विरणारी आठवण या दोहोंची जात वेगळी आहे. पहिली दीर्घकालीन स्मृती होय. दुसरी मनाची तात्पुरती जागा असून मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. शिकविणे, सभा चालविणे, सूचना देणे आणि साक्ष नोंदविणे ही शिक्षकांची, अधिकाऱ्यांची व पंचायत सदस्यांची नित्याची कामे या दुसऱ्या स्मृतीवर अवलंबून असतात. म्हणून एखादी गोष्ट जाणिवेत येणे आणि ती कार्यस्मृतीत राहणे यांचा परस्परसंबंध काय, हे समजून घेणे त्यांना उपयोगाचे ठरेल.

मनातला 'हातचा'

जाणीव म्हणजे या क्षणी समोर जे दिसते वा ऐकू येते ते 'आहे' असे कळणे. ते समोरून गेल्यावरही काही क्षण धरून ठेवणे आणि त्यावर काम करणे हे कार्यस्मृतीचे काम. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला या स्मृतीचा परिचय एका साध्या शब्दातून झालेला असतो. तो शब्द म्हणजे 'हातचा'. अठ्ठेचाळीस आणि सदतीस यांची तोंडी बेरीज करताना आठ व सात पंधरा होतात. पाच मांडून एक हातचा धरावा लागतो. हा हातचा कागदावर नसतो, डोळ्यांसमोर नसतो. तरी पुढच्या पायरीपर्यंत तो सांभाळावा लागतो. तो सुटला की सारे उत्तर चुकते. १९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी कार्यस्मृतीची सविस्तर मांडणी केली. ही स्मृती म्हणजे वस्तू साठविण्याचे कोठार नसून काम करण्याची बैठक आहे, हे त्या मांडणीचे सार होय.

मनाची ही मर्यादा भारतीय विचारवंतांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. न्यायदर्शनाने मनाला अणू मानले. डोळे, कान, त्वचा ही सर्व इंद्रिये एकाच वेळी आपापल्या विषयांना भिडलेली असतात. तरीही अनेक ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत, एकामागून एकच होतात. ही क्रमाने होण्याची गोष्टच मन नावाचे काही आहे याची खूण होय, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे. आधुनिक प्रयोगशाळांनी या प्रश्नाला मोजमापाची जोड दिली.

मूठभर दाण्यांचा प्रयोग

सर्वांत सोपा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. ताटात तुरीचे किंवा सोयाबीनचे थोडे दाणे टाकावेत, एक क्षणभर पाहावे आणि न मोजता किती आहेत ते सांगावे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ साली घेवड्याचे काळे दाणे घेऊन हाच प्रयोग स्वतःवर १,०२७ वेळा केला. तीन व चार दाण्यांच्या बाबतीत त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाच दाण्यांपासून चुका सुरू झाल्या आणि दाणे वाढत गेले तसतशा त्या वाढत गेल्या. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. दहा दाणे ताटात पडले तेव्हा जेव्हन्स यांना दहाही दाणे दिसतच होते. दृष्टी कमी पडली नव्हती. मनाच्या मुठीत ते एकदम मावले नव्हते.

पुढे १९५६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ही मर्यादा सातच्या आसपास, दोन कमी किंवा दोन अधिक, अशी सांगितली आणि तो आकडा जगभर प्रसिद्ध झाला. परंतु मनातल्या मनात घोकण्याची व गट पाडण्याची सवड दिली नाही, तर खरी मर्यादा सुमारे चार गटांचीच आहे, असे नेल्सन कोवन यांनी २००१ साली अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन दाखविले.

दिसले बारा, उरले चार

जाणीव आणि स्मरण यांतील अंतर सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग अमेरिकेत जॉर्ज स्पर्लिंग यांनी केला. तो १९६० साली प्रसिद्ध झाला. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण बारा अक्षरे, पडद्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाइतका वेळ दाखविण्यात आली. पाहणाऱ्यांना त्यांतील चार-पाच अक्षरे सांगता आली. परंतु आपण सर्व अक्षरे पाहिली होती, सांगता सांगताच ती पुसट झाली, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे की मनाची समजूत, हे ठरवायचे कसे?

स्पर्लिंग यांनी एक युक्ती केली. अक्षरे नाहीशी झाल्यावर लगेच एक सूर वाजविला. सूर उंच असेल तर वरची ओळ, मध्यम असेल तर मधली आणि खालचा असेल तर खालची ओळ सांगायची. कोणता सूर वाजेल हे आधी ठाऊक नसतानाही पाहणाऱ्यांनी कोणत्याही ओळीतील चारांपैकी सुमारे तीन अक्षरे अचूक सांगितली. याचा अर्थ, त्या क्षणी तिन्ही ओळी मिळून नऊच्या आसपास अक्षरे मनापाशी उपलब्ध होती. मात्र सूर एक सेकंद उशिरा वाजविला की हा लाभ संपत असे. पुन्हा चार-पाचच अक्षरे हाती उरत.

या प्रयोगाचे तात्पर्य असे की, संवेदनाचा पहिला ठसा विस्तृत असतो, पण तो सेकंदभरही टिकत नाही. त्यातले जे थोडके कार्यस्मृतीने उचलले तेवढेच राहते. उरलेले पाहिलेले असूनही गेलेले असते.

मग जे उचलले गेले नाही त्याची 'जाणीव' झाली होती असे म्हणावे काय? या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांच्या मते अनुभव कार्यस्मृतीच्या मापापेक्षा मोठा असतो. माप भरून तो बाहेर ओसंडतो. दुसऱ्या पक्षाची मांडणी बर्नार्ड बार्स यांनी १९८८ साली रंगमंचाच्या उपमेने केली आणि फ्रान्समध्ये स्तानिस्लास दहाएन यांनी ती पुढे नेली. तिच्यानुसार मेंदूच्या सामाईक मंचावर येऊन जे सर्व विभागांना उपलब्ध होते तेच जाणिवेत आले असे म्हणता येते. बाकीचे अंधारातच असते. हा वाद मिटलेला नाही. व्यवहारापुरता मात्र दोन्ही पक्षांचा निष्कर्ष एकच आहे. मंचावरची जागा थोडी आहे आणि पुढचे काम तेथे असलेल्यांनाच करता येते.

डोळ्यांसमोर असूनही न दिसलेले

कार्यस्मृती एखाद्या कामात पूर्ण गुंतली असेल, तर समोरची ठळक गोष्टही जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. १९९९ साली हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल सायमन्स व क्रिस्टोफर शाब्री यांनी प्रेक्षकांना एक चित्रफीत दाखविली. तीत पांढऱ्या व काळ्या सदऱ्यांतील खेळाडू चेंडू झेलत होते. पांढऱ्या सदऱ्यांच्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला ते मनात मोजायचे होते. खेळ चालू असताना गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती मधोमध आली, तिने छाती बडविली आणि ती निघून गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

हे प्रेक्षक निष्काळजी नव्हते. सांगितलेले काम ते मन लावून करीत होते. एकाच वेळी अर्ज तपासणारा, रक्कम मोजणारा व प्रश्नांना उत्तरे देणारा कर्मचारी जेव्हा 'ते कागद मी पाहिलेच नाहीत' असे सांगतो, तेव्हा तो खोटेच बोलतो असे गृहीत धरता येत नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचेही तसेच. तो जागेवर हजर होता एवढ्यावरून त्याला सर्व काही दिसले असे ठरत नाही, आणि दिसलेले सर्व त्याच्यापाशी राहिले असे तर मुळीच ठरत नाही. पंचनामा विलंब न लावता, जागेवरच लिहून काढण्याच्या पद्धतीमागील शहाणपण यावरून ध्यानात यावे.

जाणिवेविना उरणारा माग

येथवर पाहिले ते असे की, जाणिवेत आलेले सर्व स्मृतीत राहत नाही. याच्या उलटही घडते काय? जाणिवेत न आलेले काही कार्यस्मृतीत राहू शकते काय? २०११ साली डेव्हिड सोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिरप्या रेघांची एक आकृती इतका अल्प काळ दाखवून लगेच झाकण्यात आली की, आपल्याला काहीच दिसले नाही असे पाहणाऱ्यांनी सांगितले. काही सेकंदांनंतर दुसरी आकृती दाखवून तिचा कल आधीच्या आकृतीच्या तुलनेत कोणत्या बाजूला आहे असे विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येतील त्याहून अधिक वेळा बरोबर आली.

या निष्कर्षावर आक्षेप घेण्यात आले. दिसले नाही असे म्हणणाऱ्याला अंधुकसे काही दिसले असेल, किंवा हा माग कार्यस्मृतीचा नसून वेगळ्याच प्रकारचा असेल, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. पॅरिस येथील संशोधकांनी २०१७ साली अशाच प्रकारच्या प्रयोगात न दिसलेल्या खुणेचा माग काही सेकंद टिकतो असे दाखविले. परंतु त्या खुणेवर मनात काही प्रक्रिया करायची झाली, म्हणजे तिची जागा कल्पनेने फिरवून सांगायची झाली, की जाणीव आवश्यक ठरते, असा त्यांच्या पुढील कामाचा रोख आहे. आपल्या उपमेत सांगायचे तर अंधारात काही पडून राहू शकते, पण हातचा मिळवायचा झाला तर दिवा लागतोच.

मापाऱ्याचा उच्चार

जे उचलले ते धरून कसे ठेवायचे? याचे एक जुने उत्तर महाराष्ट्रातील खळ्यांवर ऐकू येत असे. पायलीने धान्य मोजणारा मापारी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे आणि पुढचे माप भरून पडेपर्यंत चालू आकडा पुन्हापुन्हा उच्चारीत राही. आकडा ओठांवर फिरता राहिल्याने कोणी मध्येच बोलले तरी मोजणी चुकत नसे. बॅडली यांनी कार्यस्मृतीचा जो 'ध्वनिवलय' नावाचा भाग सांगितला आहे, त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मनातल्या मनात साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारता येतात तेवढेच या वलयात टिकतात. लांब शब्द कमी टिकतात, आखूड शब्द अधिक टिकतात. कार्यालयीन भाषेतील दीर्घ समासांनी भरलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात का राहत नाही, याचे एक कारण येथे आहे.

हा उच्चार बंद पाडला की काय होते, तेही पाहण्यात आले आहे. १९५९ साली लॉइड व मार्गारेट पीटरसन या अमेरिकन दांपत्याने प्रयोगात भाग घेणाऱ्यांना तीन व्यंजने सांगून लगेच एका संख्येतून तीन-तीन वजा करीत उलटे मोजावयास लावले. अठरा सेकंदांनंतर ती तीन व्यंजने बहुतेक वेळा आठवत नव्हती. वर्गात एक सूचना देऊन लगेच दुसऱ्याच विषयावर बोलू लागणारा शिक्षक नकळत हाच प्रयोग मुलांवर करीत असतो.

सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर का होतात?

मराठी शाळेत या विषयाचा सर्वांत जवळचा दाखला संख्यावाचनाचा आहे. 'सत्तेचाळीस' हा शब्द ऐकताना मुलाच्या कानी आधी सात येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी आणि सात नंतर. म्हणजे ऐकलेले सात हातचे धरून ठेवायचे, चाळीस ऐकायचे, त्याचा चार मांडायचा आणि मग धरलेले सात लिहायचे. जे मूल ऐकल्या क्रमाने लिहिते ते ७४ लिहून मोकळे होते. 'एकोणपन्नास' मध्ये तर वजाबाकी दडलेली आहे. पन्नास ऐकून त्यातून एक कमी करायचा असतो. 'तीनशे सत्तेचाळीस' म्हटले की शतकाचा अंक ऐकल्या क्रमाने लिहायचा आणि पुढच्या दोन अंकांचा क्रम उलटा करायचा. मोठ्यांना हे सवयीने जाणवत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र प्रत्येक पायरीवर कार्यस्मृती खर्च करावी लागते.

ही अडचण मराठीपुरती नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. तेथील भाषेत शिकणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित असल्याचे आढळले. नॉर्वेने १९५१ साली दशक आधी उच्चारण्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तेलुगू व कन्नड या आपल्या शेजारच्या भाषांत ती मुळातच आहे. त्यामुळे सिरोंचा किंवा सोलापूरच्या बाजूला घरी एका क्रमाने आणि मराठी शाळेत दुसऱ्या क्रमाने संख्या ऐकणारी मुले भेटतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१९ साली सर्वांसमोर आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात २१ ते ९९ या संख्यांचे वाचन 'वीस एक', 'तीस दोन' अशा रीतीनेही देण्यात आले होते. रूढ नावांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसते, अशी भूमिका गणित समितीचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर (१९४३-२०२३) यांनी मांडली. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत त्यावर चर्चा झाली. घरात, बाजारात व व्यवहारात चालणारी रूढ नावे हा भाषेचा ठेवा आहे आणि मुलांना ती यावयासच हवीत, हे टीकाकारांचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

या वादात कोणतीही बाजू घेतली तरी शिक्षकासाठी एक गोष्ट निर्विवाद राहते. ४७ ऐवजी ७४ लिहिणाऱ्या मुलाला संख्या समजली नाही असे म्हणणे घाईचे होईल. त्याने सात ऐकले, चाळीसही ऐकले. दोन्ही त्याच्या जाणिवेत आले. सुटला तो हातचा. अशा मुलाला 'वीस एक' च्या पायरीवरून 'एकवीस' कडे नेता येते, किंवा दशक लिहीपर्यंत एकक बोटावर धरावयास शिकविता येते. त्याच्या वहीवर 'गणितात कच्चा' असा शेरा मारल्याने मात्र काहीच साधत नाही, आणि तो शेरा पुढे अनेक वर्षे त्याच्याबरोबर चालतो.

गट पाडण्याची कला

जागा चारच्या आसपास असली तरी प्रत्येक जागेवर काय ठेवायचे हे माणसाच्या हाती असते. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने सुमारे दोनशे तीस तासांच्या सरावानंतर आपली क्षमता सात अंकांवरून एकोणऐंशी अंकांपर्यंत नेली. तो धावपटू होता. ऐकलेले अंक तो शर्यतीतील वेळांच्या रूपाने गटागटाने लक्षात ठेवीत असे. अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा मात्र तो पुन्हा सहाच्या आसपास आला. वाढली ती जागा नव्हती, वाढले होते गट बांधण्याचे कौशल्य.

आपल्याकडे अवधानाची परंपरा मोठी आहे. श्रीमद राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला होता. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या महात्मा गांधींनी त्यांच्यापुढे आपल्याला ठाऊक असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा साठा रिता केला आणि राजचंद्रांनी ते सर्व शब्द त्याच क्रमाने परत सांगितले, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्या शक्तीचे त्यांना नवल वाटले. पण त्यांच्यावर खरी छाप पडली ती राजचंद्रांच्या ज्ञानाची व चारित्र्याची.

पुढे वर्ध्यात गांधीजींनी जी शिक्षणपद्धती देशापुढे ठेवली, तिने सामान्य मुलाला अशी असामान्य शक्ती मागितली नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नयी तालीम आकाराला आली. तीत हाताच्या कामातून गणित शिकावयाचे होते. सूतकताईचेच पाहा. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी. सहाशे चाळीस तार मनात धरून ठेवण्याचे कारण नाही. मोजदाद लट्यांच्या रूपाने समोर दिसते आणि चार लट्या हा मनाला एका दृष्टिक्षेपात मावणारा आकडा आहे. मनाचे ओझे हातावर व वस्तूंवर उतरविणे हा कार्यस्मृतीच्या मर्यादेवरील सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

शाळेत

'वह्या काढा, तारीख घाला, समास सोडा, पान सत्तेचाळीस उघडा आणि खालून तिसरे उदाहरण सोडवा.' या एका दमात दिलेल्या सूचनेत पाच कामे व एक उलट क्रमाची संख्या आहे. काही मुले तारीख घालून थांबतात आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. अशा मुलांविषयी 'याचे लक्षच नसते' असे म्हटले जाते. सुझन गॅदरकोल व ट्रेसी ॲलोवे यांनी ब्रिटनमधील शाळांत केलेल्या अभ्यासातून हे पुढे आले आहे की, कार्यस्मृती तोकडी असलेली अनेक मुले शिक्षकांना बेलक्ष वाटतात. वस्तुतः ती ऐकतात, पण ऐकलेले हातून निसटते. उपाय खर्चाचे नाहीत. सूचना एक-दोन करून द्याव्यात, पायऱ्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात, फळा पुसण्याची घाई करू नये आणि 'समजले का?' असे विचारण्याऐवजी 'आता काय करायचे ते सांग' असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाला होकार मिळतो. दुसऱ्याला उत्तर मिळते.

पाढे, पावकी, निमकी यांचे पाठांतरही या दृष्टीने पाहावयास हवे. पाठ झालेला पाढा कार्यस्मृतीची जागा अडवीत नाही. ती जागा उदाहरण समजून घेण्यासाठी मोकळी राहते. पाठांतर आणि आकलन यांचे वैर नाही.

ग्रामसभेत आणि शेतात

आष्टी तालुका कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांचा. येथील ग्रामसभेत सांगावयाच्या काही गोष्टींवर माणसांचे आरोग्य व प्राणही अवलंबून असतात. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागील कारणे अनेक होती आणि ती सर्व स्मरणाशी निगडित नव्हती. परंतु काय फवारले जाते आणि ते किती घातक आहे, हे फवारणाऱ्याला ऐन वेळी आठवणे याचे मोल त्या घटनेने दाखवून दिले.

कीटकनाशकाच्या डब्यावरील मजकूर बारीक व लांबलचक असतो. तो वाचून दाखविला तरी त्यातील फार थोडे राहील. परंतु त्याच डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. हे चार रंग मनाच्या मुठीत मावतात आणि निरक्षर मजुरालाही ओळखता येतात. ग्रामसभेत पूर्ण परिपत्रक वाचण्यापूर्वी हे चार रंग दाखविले, उपस्थितांकडून वदवून घेतले आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे एवढी एकच सूचना त्यास जोडली, तर ती सभेबाहेर पडून शेतापर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सभेच्या कामकाजासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत :

(१) एका वेळी तीन-चारांहून अधिक मुद्दे तोंडी सांगू नयेत. अधिक असतील तर त्यांचे गट करावेत.

(२) तारीख, रक्कम व आवश्यक कागदपत्रे या गोष्टी केवळ वाचून न दाखविता सूचना फलकावर लिहाव्यात.

(३) मुख्य मुद्दा लहान वाक्यात सांगून थोडे थांबावे. दवंडी देणारा कोतवाल प्रत्येक चौकात तेच आखूड वाक्य पुन्हा उच्चारीत असे. त्या रीतीत अर्थ होता.

(४) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याची प्रथा उपचार म्हणून उरकू नये. सभेला जे 'आठवते' आणि जे प्रत्यक्षात ठरले यांतील फरक तेथेच उघड होतो.

(५) सांगितले म्हणजे कळविले, असे समजू नये. ऐकणाऱ्यांपैकी एक-दोघांकडून ते परत ऐकावे.

जाणिवेचा प्रकाश विस्तृत वाटतो आणि त्यामुळे आपण सर्व काही धरून ठेवले असा भास होतो. प्रत्यक्षात मूठ लहान असते. ती लहान असण्यात कोणाचा दोष नाही. विद्वानाची व अक्षरशत्रूची, अधिकाऱ्याची व अर्जदाराची मूठ जवळजवळ सारखीच असते. परंतु ती भरण्याचे काम अनेकदा बोलणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या वा शिकविणाऱ्याच्या हाती असते. त्याने मापात सांगितले, तर सांगितलेले राहते. त्याने मापाबाहेर सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या हातून ते सांडले, तर त्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.